स्पिरिटचा बोळा आणि टर्बोची गाडी

कोल्हापुरात ऊस आणि गाड्या या दोन विषयांवर मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. एकीकडे साखर कारखान्यांची धुराडी, दुसरीकडे शिवाजी उद्यमनगरातली लेथ यंत्रे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या भरवणारा मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक आणि ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री शर्यतीत उतरलेले इथले कृष्णराज महाडिक. हे दोन विषय आता एकाच टाकीत आल्यावर चर्चा आमच्या ओपीडीपर्यंत पोहोचली, यात नवल नाही. ‘डॉक्टर, माझी टर्बो गाडी पूर्ण इथेनॉलवर करून घ्यायची म्हणतोय. धुराचा काही त्रास?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन-चार जणांनी तरी विचारला. बहुतेक तिशीच्या आतले, आणि वडिलांची शुगर दाखवायला आलेले.

इंजिनाचा प्रश्न डॉक्टरला विचारणे वाटते तितके विचित्र नाही. इथेनॉल म्हणजे दारूतले अल्कोहोल. आमच्या व्यवसायाची त्याच्याशी जुनी ओळख आहे. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवायला तेच, यकृताच्या रुग्णांनी वॉर्ड भरतो तोही त्याच्यामुळेच, आणि एका विषबाधेत उतारा म्हणूनही तेच. इंजिनात ते जसे वागते त्यातले बरेच काही शरीरातल्या वागण्याशी मिळतेजुळते आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची कल्पना नवी नाही. ‘पॉवर अल्कोहोल’ या नावाने १९४८ साली आपल्याकडे कायदाही झाला होता. आजच्या कार्यक्रमाची सुरुवात मात्र २००१ ची, आणि ती आपल्या शेजारी झाली. तेव्हा केंद्र सरकारने चाचणीसाठी जी मोजकी ठिकाणे निवडली, त्यांत महाराष्ट्रातली दोन होती : मनमाड आणि मिरज. म्हणजे कोल्हापूर-सांगली भागातल्या अनेकांच्या स्कूटर पाव शतकापूर्वीच उसाचे थेंब पिऊन धावल्या आहेत. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, म्हणजे ई-२०, बाजारात आले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोहोचले. जुन्या गाड्यांचे काय, असा ओरडा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिका फेटाळली गेली. अ‍ॅव्हरेज पडते ही तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे म्हटले आहे.

पण या तरुणांना ई-२० नको असते. त्यांना टाकीभर इथेनॉल हवे असते, आणि ते का हवे हे समजण्यासारखे आहे. वेगवान पेट्रोल गाडी इथेनॉलवर आणण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण दुचाकीचे आहे. टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये ‘अपाचे आरटीआर २०० एफआय ई-१००’ बाजारात आणली. विक्रीसाठी सुरुवातीला जी तीन राज्ये निवडली त्यांत उत्तर प्रदेश आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्र होता. गाडी चांगली होती, इंधन कुठे भरायचे हाच प्रश्न होता. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन पंपांवर ई-१०० चा प्रायोगिक प्रारंभ झाला आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांत १८३ पंपांवर ते उपलब्ध केले. नावात शंभर असले तरी या इंधनात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, पाच टक्के पेट्रोल आणि थोडा सहद्रावक असतो. हे पाच टक्के पेट्रोल कशासाठी, ते पुढे येईल.

इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा दंड गार पडतो. स्पिरिट मुळात गार नसते. बाटली खोलीच्याच तपमानाला असते. ते उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जाते. शर्यतीच्या गाडीला इथेनॉल का आवडते, याचे निम्मे उत्तर या बोळ्यात आहे. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता मधेच पेटते आणि इंजिन खडखडते. इथेनॉलची वाफ होताना ते वजनी हिशेबाने पेट्रोलच्या जवळजवळ अडीचपट उष्णता शोषते. आतला भपका गार होतो. शिवाय त्याचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास, तर आपल्या नेहमीच्या पेट्रोलचा वर्षानुवर्षे ९१ होता. मधेच पेटण्याची भीती कमी, म्हणून टर्बोचा दाब वाढवता येतो, ठिणगी लवकर देता येते, आणि तेच इंजिन जास्त ताकद देते. यात भूलथाप काही नाही.

पण औषध चांगले म्हणून कितीही आणि कसेही घेता येत नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणजे ते थोडे ‘जळलेले’च इंधन आहे. त्यामुळे एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त नऊ. उलटा हिशेब असा की तेवढ्याच हवेला जवळजवळ दीडपट इथेनॉल द्यावे लागते. गाडीचा कॉम्प्युटर सायलेन्सरच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन थोडेफार वाढवतो, पण पन्नास टक्के वाढवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. मूळ इंजेक्टरच्या भोकातून आणि मूळ पंपातून तेवढे इंधन येतही नाही. मग जोरात दाबलेल्या गाडीला ऐनवेळी इंधन अपुरे पडते, ज्वलन तापते आणि पिस्टन वितळायची वेळ येते. म्हणून इंजेक्टर मोठे, पंप मोठा, कॉम्प्युटरचे गणित नवे, आणि टाकीत नेमके किती टक्के इथेनॉल आहे हे मोजणारा सेन्सर, एवढे सगळे लागते. ‘नुसता रिमॅप मारला की झाले’ असे सांगणारा मेकॅनिक मला ‘एका इंजेक्शनात शुगर घालवतो’ म्हणणाऱ्यांच्या जातीचा वाटतो.

रबर आणि धातूंबद्दल मेकॅनिक मंडळींना माझ्यापेक्षा जास्त कळते, त्यामुळे थोडक्यात. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलमध्ये फुगतात, ठिसूळ होतात. जस्त आणि काही अ‍ॅल्युमिनियमचे भाग झिजतात. टाकीतला वर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुलैमध्ये कोल्हापुरात दारे-खिडक्या फुगतात तिथे महिना-महिना उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्न, धुराचा. दारू पोटात गेली की यकृत ती दोन टप्प्यांत जाळते. पहिल्या टप्प्यात इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइड होते, दुसऱ्यात त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट. मधला पदार्थ त्रासदायक. चेहरा लाल होणे, मळमळ, धडधड यात त्याचा हात असतो. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी मुद्दाम दुसरा टप्पा अडवते, म्हणजे ॲसिटाल्डिहाइड साचते आणि माणसाला पेला नकोसा होतो. इंजिनात साधारण हेच घडते. पूर्ण जळलेल्या इथेनॉलचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. अर्धवट जळलेल्याचे ॲसिटाल्डिहाइड. यकृताच्या दुसऱ्या टप्प्याचे काम गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. मात्र तो तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यासाठी त्याला अडीचशे-तीनशे अंश तपमान लागते, म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे सगळ्यांत घाण असतात. त्यात शुद्ध इथेनॉल थंडीत पेटायला कुरकुरते : साधारण तेरा अंशांच्या खाली त्याची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. म्हणून ब्राझीलमधल्या अल्कोहोलच्या गाड्यांत सुरुवातीसाठी पेट्रोलची एक चिमुकली वेगळी टाकी असे. आपल्या ई-१०० मधले पाच टक्के पेट्रोल याच कामाला येते.

मग इथेनॉलचा धूर चांगला की वाईट? ब्राझीलचे उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याइतका अनुभव कोणाकडे नाही. १९७५ पासून त्यांनी उसाचे अल्कोहोल गाड्यांत घातले, १९७९ मध्ये फियाट १४७ ही पूर्ण अल्कोहोलवरची गाडी आली आणि २००३ पासून दोन्ही इंधने चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या. साओ पावलोमध्ये लोक पंपावर भाव बघून कधी पेट्रोल भरतात, कधी इथेनॉल. संशोधकांना ही आयती प्रयोगशाळाच मिळाली. २०१४ मध्ये आल्बेर्तो साल्वो आणि फ्रान्झ गायगर यांनी दाखवले की लोक इथेनॉलकडून पेट्रोलकडे वळले तेव्हा शहरातला जमिनीलगतचा ओझोन सुमारे वीस टक्क्यांनी घटला. पेट्रोलवाल्यांना आनंद झाला असेल, पण तो टिकला नाही. २०१७ मध्ये साल्वो आणि सहकाऱ्यांनीच त्याच शहरातले अतिसूक्ष्म कण मोजले, तर लोक पेट्रोलकडे वळल्यावर ते एक तृतीयांशाने वाढले होते. हे कण इतके बारीक की फुप्फुसाच्या तळाशी पोहोचून रक्तात शिरू शकतात. त्याआधी २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क जेकब्सन यांनी संगणकी प्रारूपावरून इशारा दिला होता की अमेरिकेतल्या सगळ्या गाड्या ८५ टक्के इथेनॉलवर आणल्या, तर लॉस एंजेलिसमध्ये ओझोनमुळे होणारे मृत्यू आणि दम्याचा त्रास सुमारे नऊ टक्क्यांनी वाढेल.

या अभ्यासांतून माझे मत असे झाले आहे : इथेनॉलने धूर नाहीसा होत नाही, बदलतो. कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार ई-२० वर चारचाकीत सुमारे तीस टक्क्यांनी. बेन्झीन कमी होते, आणि बेन्झीन हे रक्ताचा कर्करोग करणारे निश्चित कारण असल्याने ही फायद्याची मोठी बाजू. बारीक कण कमी होतात. त्या बदल्यात आल्डिहाइड वाढतात आणि उन्हाळ्याच्या दुपारी ओझोन वाढण्याची शक्यता राहते. ज्याला दमा आहे त्याच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा नसावा, पण एका अटीवर : कन्व्हर्टर जागेवर हवा आणि ज्वलन नीट हवे. नेमके इथेच हौसेच्या गाड्या मार खातात. आवाज दमदार यावा, धूर मोकळा जावा म्हणून कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकायचा, वर इथेनॉल भरायचे आणि गाडी ‘ग्रीन’ झाली म्हणायचे, हा प्रकार म्हणजे यकृत काढून दारू पिण्यासारखा आहे. असली गाडी शेजारच्या दमेकरी आजींसाठी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा वाईट.

मला स्वतःला मात्र सायलेन्सरमधून काय निघते, यापेक्षा गॅरेजमध्ये काय घडते याची काळजी जास्त वाटते. रस्त्यावरचा धूर सगळ्यांत वाटला जातो. गॅरेजमधला धोका एकाच पोराच्या अंगावर येतो.

पहिला धोका मिथेनॉलचा. शर्यतीच्या जगात मिथेनॉलही इंधन म्हणून चालते, दिसायला इथेनॉलसारखेच, वासही जवळपास तसाच, आणि ‘अल्कोहोलच आहे’ म्हणून ते कॅनमधून गॅरेजात येऊ शकते. शरीरात मात्र ते वेगळ्या वाटेने जाते. जे एन्झाइम इथेनॉलचे ॲसिटाल्डिहाइड करते, तेच मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करते आणि त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होते. हे आम्ल डोळ्याची नस जाळते. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, एवढ्याने दृष्टी जाऊ शकते. तीस मिलिलिटर जीव घेऊ शकतात. ते कातडीतूनही शोषले जाते. फसवणूक अशी की पहिले बारा-चोवीस तास माणूस बऱ्यापैकी ठीक असतो. मग डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते, पोट दुखते, श्वास जोरात चालतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. यावरचा उतारा म्हणजे इथेनॉल. फोमेपिझोल नावाचे चांगले औषध आहे, पण ते महाग आणि आपल्याकडे सहज न मिळणारे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात आम्ही मोजून इथेनॉल देतो. एन्झाइम इथेनॉलमध्ये गुंतून राहते आणि मिथेनॉलचे विष होणे लांबते. तोवर डायलिसिसने ते रक्तातून काढायचे. हा उपाय घरी दारू पाजून करण्याचा नव्हे, हे स्पष्ट सांगतो.

दुसरा धोका तोंडाने पेट्रोल ओढण्याचा. इंधन बदलायचे म्हणजे टाकी रिकामी करायची, आणि आपल्याकडे त्यासाठी नळी तोंडात धरून ओढतात. असे रुग्ण आम्ही दर वर्षी पाहतो. पेट्रोल पोटात गेल्याने होते त्यापेक्षा मोठे नुकसान ते श्वासनलिकेत उतरल्याने होते. एक घोट पुरतो. ठसका लागतो, काही तासांत ताप आणि दम, आणि एक्स-रेत न्यूमोनिया. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी मुळीच करवू नका; उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाते. हातपंप दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

तिसरा आगीचा, आणि त्याची गोष्ट शर्यतीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत ३० मे १९६४ रोजी पेट्रोलचा भडका उडून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड हे दोन चालक गेले. त्यानंतर तिथे गाड्या मिथेनॉलवर गेल्या, कारण ती आग पाण्याने विझते आणि काळा धूर करत नाही. पण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही. १९८१ मध्ये रिक मिअर्स पिटमध्ये थांबला असताना इंधन सांडले आणि तो पेटला, तरी कोणाला ज्वाळा दिसेनात. माणसे अंगावर काही नसल्यासारखी नाचताना दिसत होती. मिअर्सचा चेहरा भाजला, नाकावर शस्त्रक्रिया झाली. २००७ मध्ये तिथे इथेनॉल आले. त्याची ज्योत फिकट निळी असली तरी थोडे पेट्रोल मिसळल्यावर पिवळसर, दिसण्याजोगी होते. आपल्या पंपावरच्या ई-१०० मधल्या पाच टक्के पेट्रोलचा हा दुसरा उपयोग. यावरून हेही कळेल की पंपाऐवजी दुसरीकडून मिळवलेले ‘प्युअर’ इथेनॉल का नको. ते बेकायदा आहेच, राज्य उत्पादन शुल्क खाते त्यावर नजर ठेवून असते. पण मला त्याहून चिंता त्या न दिसणाऱ्या ज्वाळेची. साध्या फेसाचा अग्निशामक अल्कोहोलच्या आगीवर टिकत नाही, फेस विरघळतो. गॅरेजमध्ये कोरड्या पावडरचा सिलिंडर हवा आणि तो सामानाच्या मागे नको.

भाजलेच तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटे धरा. आमच्याकडे भाजलेले हात टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस असे सगळे लावून येतात, आणि ते सोलून काढताना रुग्णाला दुसऱ्यांदा भाजल्यासारखे होते.

या तरुणांपैकी एकाने विचारले होते की मग करू की नको. गाडीच्या आरसी बुकात इंधन ‘पेट्रोल’ लिहिले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मान्यता आणि नोंद यांशिवाय असा मूलभूत बदल करता येत नाही, आणि न कळवता केलेल्या बदलावर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते. एरवी ट्रॅकपुरती गाडी असेल, इंजेक्टर-पंप-सेन्सर सगळे बदलणार असेल, कन्व्हर्टर ठेवणार असेल आणि इंधन पंपावरचे वापरणार असेल, तर डॉक्टर म्हणून माझी हरकत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने कन्व्हर्टर नक्की ठेवावाच लागेल का, असे पुन्हा विचारले. वडिलांची उपाशीपोटीची शुगर २१० होती. त्यांना इन्सुलिन सुरू करायचे होते, त्यामुळे गाडीचा विषय तिथेच राहिला.